कुत्र्याच्या डोळ्यांना सतत घाण येते : थेंब घालण्याआधी काय बघावं?

शेवंती

आमची चिंगी, शिह-त्झू, सात वर्षांची. उन्हाळ्यापासून तिच्या दोन्ही डोळ्यांना घाण येते. सकाळी उठते तेव्हा पापण्या चिकटलेल्या, हिरवट-पिवळी चिपडं, आणि काढायला गेलं की तार सुटते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसते, दुपारपर्यंत परत तेच. दवाखान्यातून अँटिबायोटिकचे थेंब मिळाले. घालत असेपर्यंत उतार, बंद केले की पुन्हा सुरू. हल्ली डावं बुबुळ पूर्वीसारखं चकाकत नाही आणि नाकाकडच्या कोपऱ्यात तपकिरी छटा आली आहे. खाणं, खेळणं, फिरणं सगळं नीट.

सासूबाई म्हणतात दुधाचे थेंब घाल. शेजारच्या काकांनी त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे उरलेले थेंब आणून दिलेत. अजून काहीच घातलेलं नाही. कुणाच्या कुत्र्याला असं झालंय का?

देवराई

काकांचे थेंब घालू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जे थेंब देतात त्यांत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलंय का बघा. नुसत्या मॉक्सिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या बाटलीसारखीच दिसणारी, पण डेक्सामेथासोन मिसळलेली बाटलीही मिळते, म्हणून लेबल पूर्ण वाचा. बुबुळावर बारीकशी जखम असेल आणि त्यावर स्टिरॉइड पडलं तर डोळा जाऊ शकतो. दूधही नको.

आपल्याकडे पशुवैद्य सभासद आहेत, ते सविस्तर लिहितीलच.

घाटमाथा_पशुवैद्य

देवराईताईंनी महत्त्वाचं ते सांगितलं आहे. मी जरा लांबलचक लिहितो, कारण हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं.

डोळ्याला घाण येणं हे लक्षण आहे, आजाराचं नाव नाही. माणसाचे 'डोळे आले' म्हणतो तसं कुत्र्याचं क्वचितच असतं. कुत्र्यात जंतूंचा संसर्ग सहसा मागाहून येतो, आधी दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं : पापणी आत वळलेली, केस टोचताहेत, काही खुपलंय, अश्रू कमी झालेत, किंवा अंगात दुसराच आजार आहे. अँटिबायोटिकने वरचे जंतू मरतात, मूळ तसंच राहतं. म्हणून थेंब थांबवले की परत सुरू.

शेवंतीताई, तुम्ही केलेलं वर्णन वाचून माझ्या मनात पहिली शंका कोरड्या डोळ्याची येते. खात्री तपासणीनेच होईल. अश्रूंमध्ये पाणी, तेल आणि बुळबुळीत श्लेष्मा असे तीन भाग असतात. अश्रुग्रंथी पाणी करायच्या थांबल्या की नुसता श्लेष्मा उरतो, तोच तार सुटणारा चिकट स्राव. लोकांना वाटतं डोळा ओला आहे, एवढी घाण येते म्हणजे कोरडा कसा? पण घाण येते ती कोरडेपणामुळेच. शिह-त्झू, पग, ल्हासा ॲप्सो, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग या जातींत हे फार दिसतं. बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते. सल्फा गटाची औषधं आणि डिस्टेंपर हा विषाणूचा आजार यांमुळेही होतं. लक्ष दिलं नाही तर बुबुळावर रक्तवाहिन्या चढतात, तपकिरी रंगद्रव्य साठतं आणि हळूहळू पडदा ओढल्यासारखी दृष्टी जाते.

तपासणी साधी आहे, शर्मर टेस्ट म्हणतात. कागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीच्या आत एक मिनिट ठेवायची आणि ती किती मिलिमीटर ओली झाली ते मोजायचं. १५ किंवा त्याहून जास्त आली तर ठीक. १० च्या खाली असेल आणि लक्षणंही असतील तर कोरडा डोळा. ५ च्या खाली म्हणजे तीव्र. ही टेस्ट डोळा धुण्याआधी आणि कोणतेही थेंब घालण्याआधी करायची असते, म्हणून दवाखान्यात जायच्या सकाळी डोळ्यात काही घालू नका.

त्यानंतर फ्लुरोसिन या रंगाची तपासणी. नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला लावतात, जिथे बुबुळाचा वरचा थर निघालेला असतो तिथे हिरवा रंग धरतो आणि निळ्या प्रकाशात चमकतो. बुबुळाची, म्हणजे डोळ्यासमोरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटरच्या आसपास. जखमेवर स्टिरॉइड पडलं की ती भरणं थांबतं, जंतूंना मोकळं रान मिळतं, आणि बुबुळ विरघळत जाऊन एक-दोन दिवसांत आरपार भोक पडलेलं मी पाहिलं आहे. म्हणून हा रंग टाकून बघितल्याशिवाय स्टिरॉइड नाही. माझा यावर फार कटाक्ष आहे. लाल डोळा दिसला की स्टिरॉइडची ट्यूब लिहून देणारे आमच्यातही आहेत, तेव्हा तुम्ही स्वतःहून विचारा : "डॉक्टर, रंग टाकून बघता का?" विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

माळरान

डॉक्टर, उत्तम माहिती. शेतावर कुत्रं असणाऱ्यांसाठी माझी भर.

आमच्याकडे पाऊस संपला की डोंगरउतारावर कुसळी गवत पिकतं. त्याचं बी म्हणजे टोकदार सुई, मागे उलटे केस आणि लांब शेपूट. त्या शेपटाला पीळ असतो, दव पडलं की तो सुटतो, वाळलं की परत बसतो आणि बी आत आत शिरतं. मेंढपाळ त्या दिवसांत मेंढरं कुसळीच्या रानात घालत नाहीत, कातड्यात घुसतं म्हणून. कुत्रं तर नाक-डोळे खुपसूनच ससा हुंगत असतं.

आमचा वाघ्या एकदा रानातून आला तो एक डोळा घट्ट मिटून. सारखं पाणी गळत होतं, पंजाने चोळत होता. पापणी वर करून बघितली तर काही दिसेना. डॉक्टरांनी सुन्न करणारे थेंब घातले आणि चिमट्याने तिसरी पापणी उचलली, तर तिच्या मागे कुसळ आडवं बसलेलं. कुत्र्याला नाकाकडच्या कोपऱ्यात ही पांढरट-गुलाबी तिसरी पापणी असते, तिच्या मागच्या खोबणीत काय अडकलंय ते आपल्याला घरी कधीच दिसणार नाही. काढल्यावर रंग टाकला, बुबुळावर लांब ओरखडा हिरवा चमकला. अँटिबायोटिक थेंब आणि गळ्यात प्लास्टिकची कॉलर, आठवड्याभरात बरा झाला.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की आहे. एकाच डोळ्याला अचानक झालं असेल आणि कुत्रं तो डोळा उघडत नसेल, तर काहीतरी टोचलंय असं समजून त्याच दिवशी निघायचं. आमच्याकडून तालुक्याचा दवाखाना लांब आहे, तरी निघायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रानातून आल्यावर डोळे, कान, बोटांच्या बेचक्या रोज बघा.

सातासमुद्रापार

माळरान, इथे कॅलिफोर्नियात हुबेहूब हीच कथा. फक्त इथलं फॉक्सटेल गवत उन्हाळ्याच्या तोंडावर वाळतं. मे-जूनमध्ये इथले पशुवैद्य फॉक्सटेल काढण्यातच गुंतलेले असतात. आमच्या लॅब्रॅडॉरच्या नाकात गेलं होतं, डोळा थोडक्यात वाचला.

पांढरीशुभ्र

आमच्या पॉमेरेनियनच्या डोळ्यांखाली लालसर-तपकिरी ओघळ पडलेत, पांढऱ्या केसांवर फार दिसतात. घाण नाही, वास नाही, डोळे स्वच्छ. ऑनलाइन एक पावडर मिळते, खाण्यात मिसळायची, डाग जातात म्हणे. द्यावी का? पिल्लू दहा महिन्यांचं आहे.

घाटमाथा_पशुवैद्य

तो रंग पोर्फिरिन नावाच्या द्रव्याचा. अश्रूंत आणि लाळेत असतं, केसांवर वाळलं की लालसर होतं. पंजे चाटणाऱ्या पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तसेच रंगतात. तो स्वतः आजार नाही. पण अश्रू नाकात न उतरता गालावर का येतात, ते एकदा बघून घ्या. खोबण उथळ असते, नाकावरचे केस डोळ्यात जातात, पापणीच्या कडेला चुकीच्या जागी बारीक केस उगवतात, किंवा अश्रुनलिका बंद असते. फ्लुरोसिन डोळ्यात घातल्यावर थोड्या वेळाने नाकपुडीत हिरवं दिसलं तर नलिका उघडी आहे.

पावडरीबद्दल : अशा काही उत्पादनांत टायलोसिन हे अँटिबायोटिक असतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१४ मध्ये त्यांच्या उत्पादकांना इशारापत्रं पाठवली होती, कारण या वापरासाठी त्याला मंजुरीच नव्हती. नुसत्या दिसण्यासाठी कुत्र्याला महिनोन् महिने अँटिबायोटिक चारणं मला पटत नाही. डोळ्याभोवतीचे केस जाणकाराकडून बारीक करून घ्या आणि चेहरा रोज ओल्या कापडाने पुसून कोरडा करा. डाग राहिले तर राहू द्या.

आजोळ

आमच्या घरी तीन पिढ्या कुत्री आहेत. आजी त्रिफळ्याचं पाणी गाळून त्याने डोळे धुवायची, कधी गुलाबपाणी. एकाही कुत्र्याचा डोळा गेला नाही. सगळं जुनं टाकाऊ असं म्हणायची घाई नको असं मला मनापासून वाटतं.

घाटमाथा_पशुवैद्य

आजोळ, तुमच्या आजी रोज डोळे धुवायच्या म्हणजे रोज बघायच्या, यात निम्मं काम झालं. माझी हरकत आहे ती वेगळ्या कारणासाठी. घरी केलेला काढा निर्जंतुक नसतो, त्यात भुकटीचे कण राहतात. बाजारच्या गुलाबपाण्यात सुगंधी द्रव्यं आणि टिकवण्यासाठीची रसायनं असू शकतात. धडधाकट डोळा ते सोसतो. जखम झालेला डोळा सोसत नाही, आणि जखम आहे का ते बाहेरून कळत नाही. मध, तूप, तुळशीचा रस, बोरिक पावडर, काजळ यांचंही तेच.

धुवायचं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ०.९ टक्के नॉर्मल सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, घ्या. स्वस्त आहे. बाटली फोडल्यावर ती आठवडेच्या आठवडे वापरू नका, लहान पॅक घ्या. कापसाचे धागे डोळ्यात राहतात, त्यापेक्षा गॉजचा तुकडा बरा. चिपडं ओढून काढू नका, भिजवून मऊ होऊ द्या. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा.

माणसांसाठीचे साधे कृत्रिम अश्रू, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजचे थेंब, कुत्र्याला चालतात. पण डोळ्याची लाली घालवणारे जे थेंब मिळतात ते नकोत, आणि ती बाटली कुत्र्याच्या तोंडी लागेल अशी ठेवूही नका. त्यातलं औषध पोटात गेलं तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब बिघडतो.

आजोळ

निर्जंतुक नसण्याचा मुद्दा पटला. सलाइन आणते.

वस्तीतली_माया

मी सोसायटीतल्या आणि आजूबाजूच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालते. पिल्लांच्या बाबतीत एक गोष्ट सांगावीशी वाटते. पिल्लाच्या दोन्ही डोळ्यांना पू, नाकातूनही शेंबूड, खोकला, ताप, खाणं सोडलेलं असं असेल तर ते डोळ्याचं दुखणं समजू नका. डिस्टेंपर असू शकतो. पुढे जुलाब, मग झटके येतात, जबड्याची चघळल्यासारखी हालचाल होते. पंजांच्या गाद्या आणि नाक कडक पडतं. त्या विषाणूला थेट मारणारं औषध नाही, आधाराचे उपचार करावे लागतात, आणि खूप पिल्लं जातात. मी कितीतरी पिल्लं हातात घेऊन दवाखान्यात बसले आहे. जी वाचली त्यांच्यातल्या काहींचे डोळे नंतर कोरडे पडले.

असं पिल्लू हाताळलंत तर घरच्या कुत्र्याजवळ जाण्याआधी हात धुवा, कपडे बदला. घरच्या पिल्लाचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून किमान सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत डोस पूर्ण करा. एक इंजेक्शन दिलं आणि झालं असं नसतं. रस्त्यावरच्या पिल्लांनाही लस टोचून घेता येते, मदत करणाऱ्या संस्था जवळपास असतात. थोडी धावपळ होते, पण करा.

घाटमाथा_पशुवैद्य

मायाताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचं काम होतं.

याच्याच जोडीला गोचीड ताप. आपल्याकडच्या तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया नावाचे जंतू अंगात शिरतात. ताप, खाणं कमी, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त. रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात. पण काही कुत्र्यांत मालकाला आधी डोळाच दिसतो : बुबुळ अचानक दुधी किंवा निळसर, आत लाली, कधी डोळ्यात रक्त उतरलेलं. अशा डोळ्याला नुसते थेंब घालून भागत नाही. रक्त तपासावं लागतं आणि डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवू नका.

आता रात्री-बेरात्रीसुद्धा निघायचं कधी, ते लिहून ठेवतो. डोळा मिटून धरलाय. बुबुळावर पांढरा-निळा डाग दिसतोय, ज्याला आपल्याकडे फूल पडलं म्हणतात. डोळा लाल, बुबुळ धुरकट आणि बाहुली उजेडातही मोठीच राहते, हा काचबिंदूचा झटका असू शकतो. डोळ्यातला दाब साधारण १० ते २५ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, तो एकदम चढला तर काही तासांत ते दिवसाभरात दृष्टी जाते. आणि पग, शिह-त्झू यांच्यात भांडणात किंवा मानगूट ओढल्याने डोळा खोबणीबाहेर येतो. घरी आत ढकलायचा प्रयत्न करू नका. सलाइनने भिजवलेला गॉज वर धरा, कुत्र्याला पंजा लावू देऊ नका आणि निघा.

साध्या दवाखान्यात दाब मोजायचं यंत्र नसतं. तेव्हा पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आठवा. परळचं १८८६ सालापासून आहे, साताऱ्याच्या बाजूला शिरवळचं आहे, नागपूर, परभणी, उदगीर इथेही आहेत.

निळा_डोळा

आमची लॅब्रॅडॉर नऊ वर्षांची. दोन्ही बाहुल्या निळसर-करड्या दिसायला लागल्यात. घाण नाही, लाली नाही, चेंडू बरोबर पकडते. मोतीबिंदू का?

घाटमाथा_पशुवैद्य

चेंडू पकडते म्हणजे बहुधा न्यूक्लिअर स्क्लेरोसिस. वयानुसार डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, सातव्या वर्षानंतर बहुतेक कुत्र्यांत दिसतं, नजर फारशी कमी होत नाही, उपचार लागत नाही. मोतीबिंदू पांढरा, फुटक्या बर्फासारखा दिसतो. तरी एकदा दाखवून घ्या. पाणी फार पीत असेल, लघवी वाढली असेल, खाऊनही वजन उतरत असेल तर रक्तातली साखर बघाच. मधुमेह झालेल्या कुत्र्यांत मोतीबिंदू फार झपाट्याने होतो.

लंबकर्ण

बीगल, सहा महिने. डोळ्याच्या कोपऱ्यात लालचुटूक गोळी वर आली आहे, थोडा स्राव आहे. एका ठिकाणी सांगितलं की कापून टाकू, पाच मिनिटांचं काम.

घाटमाथा_पशुवैद्य

कापू देऊ नका. याला चेरी आय म्हणतात. ती गाठ नाही, तिसऱ्या पापणीची अश्रुग्रंथी जागेवरून सुटून वर आली आहे. डोळ्यातल्या अश्रूंचा मोठा वाटा, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त, तीच ग्रंथी पुरवते. कापली की आज डोळा छान दिसेल आणि काही वर्षांनी कोरडा पडेल. कप्पा करून ती आत बसवण्याची शस्त्रक्रिया होते. जो सर्जन ती करतो त्याच्याकडेच जा. तोवर ग्रंथी सुकू नये म्हणून कृत्रिम अश्रू घालत राहा.

शेवंती

चिंगीची तपासणी झाली. शर्मर टेस्ट डावीकडे ४, उजवीकडे ९. म्हणजे दोन्ही डोळे कोरडे, डावा जास्त. फ्लुरोसिनमध्ये डाव्या बुबुळावर उथळ जखम निघाली, बाहेरून काहीच कळत नव्हतं. काकांना जाऊन सांगितलं की तुमच्या थेंबांत डेक्सामेथासोन आहे आणि तेच घातक ठरलं असतं. त्यांनी बाटली लगेच टाकून दिली.

आधी जखम भरेपर्यंत अँटिबायोटिक आणि कृत्रिम अश्रू, मग अश्रुग्रंथींवर उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारं सायक्लोस्पोरिनचं ०.२ टक्के मलम दिवसातून दोनदा. डॉक्टर म्हणाले महिना-दीड महिना तरी थांबा, हे औषध हळूहळू लागू पडतं, आणि चांगलं वाटलं तरी बंद करायचं नाही, बहुधा आयुष्यभर लागेल. आता फेरतपासणीत डावा १२, उजवा १६ आला. सकाळची तार जवळजवळ गेली. बुबुळाला चकाकी आली आहे. तपकिरी छटा आहे तेवढीच आहे, ती वाढली नाही यातच मला आनंद आहे.

एक अडचण आहे. मलम लावताना ती गुरगुरते, तोंड फिरवते, आणि ट्यूबचं टोक डोळ्याला लागेल अशी भीती वाटते. काही युक्ती?

देवराई

वाचून फार बरं वाटलं. युक्ती म्हणजे, समोरून जाऊ नका. तिला भिंतीकडे पाठ न करता तुमच्याकडे पाठ करून बसवा, तुम्ही मागे गुडघ्यांवर. एका हाताने हनुवटी वर, अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली. ट्यूब धरलेला हात तिच्या डोक्यावर टेकवा, म्हणजे ती हलली तरी हातही तिच्याबरोबर हलतो. ट्यूब थोडा वेळ मुठीत धरून कोमट केली की मलम सहज सुटतं. पहिले काही दिवस ट्यूब नुसती दाखवून खाऊ द्या, लावू नका. शिह-त्झूला कधीही मानगुटीला धरून आवळू नका.

घाटमाथा_पशुवैद्य

अगदी बरोबर. मलम तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. लावल्यावर हात साबणाने धुवा, गर्भवती कुणी घरात असेल तर हातमोजे घालूनच लावा किंवा दुसऱ्याला लावू द्या. थेंब आणि मलम दोन्ही असतील तर आधी थेंब, पाच-दहा मिनिटांनी मलम. उलट केलं तर मलमावरून थेंब घसरून जातात. पुढची शर्मर टेस्ट कधी ते तुमच्या डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी मलम नेहमीच्या वेळेला लावूनच जा, फक्त कृत्रिम अश्रू घालू नका.